काळ्या पायातली गुठळी

"पाय वाकडा टाकला असेल."

ताई जिन्याच्या तळाशी पडलेली. तोंड पांढरंफटक, दोन्ही हातांनी गुडघा आवळून धरलेला. आणि साहेबांच्या तोंडून निघालेलं पहिलं वाक्य हे. लागलं का, विचारलं नाही. पाणी आणा, म्हणाले नाहीत. पाय वाकडा टाकला असेल!

मी धावत आलो तेव्हा ग्राइंडर हातातच होता. वायर तोकडी निघाली आणि प्लग सुटला, म्हणून बरं.

"साहेब, पाऊल तुटलंय," मी म्हणालो. "हे बघा, वाकणावर, आरपार. वाकडं टाकलं म्हणून असलं पाऊल तुटतं होय?"

"तू कामाला लाग."

"माझी बहीण आहे ती!"

"म्हणूनच सांगतोय. डोकं थंड ठेव."

डोकं थंड ठेव, हे नेहमी तोच सांगतो ज्याने ते तापवलेलं असतं.

आमच्या कारखान्यात कृत्रिम पावलं बनतात. अख्खा पाय नाही, खालचं पाऊल. दिसायला नुसती काळी, वाकवलेली पट्टी. कार्बनच्या कापडाचे थर एकावर एक लावायचे, त्यांत रेझिन भरायचं, भट्टीत कडक करायचं. अंगाचा भार पडला की ती दबते, पाऊल उचललं की उसळते आणि माणसाला पुढे ढकलते. मी त्या पट्ट्यांच्या कडा घासतो. आणि ताई चालते.

म्हणजे चालणं हेच तिचं काम. तिचा डावा पाय गुडघ्याखाली नाही, शाळेत असतानाच गेला. नवीन लॉट तयार झाला की त्यातलं एक पाऊल आधी ती घालते. सपाट फरशी, मग उतार, मग खडी, मग जिना. टाच कडक आहे, पुढे ढिलं पडतंय, असं सगळं ती सांगते. तिने मान हलवली की लॉट बाहेर जातो. नातेवाईक हसतात, "चालायचा पगार मिळतो? आम्ही तर फुकट चालतो!" हसू देत. त्याआधी ती घरात बसून लोकांचे कपडे उसवायची, शिवायची आणि उरलेल्या वेळात आईशी भांडायची. या कामाला लागल्यापासून फक्त भांडते.

त्या दिवशी जिन्याच्या वरून तिसऱ्या की चौथ्या पायरीवर पाऊल कडकन वाजलं आणि ती खाली आली.

डॉक्टरांनी गुडघा दाबून पाहिला, फोटो काढला. हाड वाचलं होतं. आतली गादी दुखावली होती. मग पेन बाजूला ठेवून ते म्हणाले, "हा गुडघा आहे म्हणून तुम्ही चालताय. आणखी एकदा अशा पडलात आणि हा गेला, तर पाय मांडीतून कापावा लागेल. मग हे असं जिने चढणं-उतरणं विसरायचं."

ताईने मान डोलावली. मी डोलावली नाही. मला तेव्हाच कुणाचा तरी गळा धरायचा होता, फक्त कुणाचा ते ठरत नव्हतं.

घरी आई बर्फाची पिशवी घेऊन बसली. "उद्यापासून घरी राहा."

"घरी राहून काय करू? तुझं तोंड बघू?"

"माझ्या तोंडाला काय झालंय?"

"काही नाही झालंय. तेच तर. थांबतच नाही."

तेवढ्यात साहेबांचा फोन. ताईने स्पीकर लावला. कशी आहेस, बरं वाटेल, आराम कर, असं सगळं पटापट उरकून साहेब मुद्द्यावर आले. शुक्रवारी हॉस्पिटलच्या खरेदीवाल्या बाई येणार आहेत. मोठी ऑर्डर आहे. ताईने त्यांच्यासमोर याच लॉटचं दुसरं पाऊल घालून एकदाच, फक्त एकदाच, जिना उतरून दाखवावा.

"येते," ताई म्हणाली.

मी ताडकन उठलो. "येते? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"नाही गेले तर काय होईल? ही घाबरली म्हणतील. म्हणजे पाय वाकडा टाकला हे खरं ठरलं. मग माझ्या मानेला काय किंमत राहिली?"

"मानेचं जाऊ दे, गुडघा बघ!"

"मग तू शोधून काढ ना, कशामुळे तुटलं ते. फोनवर एवढं वाचत बसतोस. त्या शिक्षणाचं सार्थक कर."

टोमणा होता. पण मी तो आदेश समजलो.

तर मी काय वाचत बसतो तेही सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. रेझिन म्हणजे मधासारखं घट्ट, चिकट. कडक झालं की मजबूत होतं, पण ठिसूळही होतं. एकदा चीर पडली की ती सरळ पळत सुटते, रिकाम्या रस्त्यावर सायकल सुटावी तशी. म्हणून त्यात एक पांढरी पावडर घालतात. जात वाळूचीच, पण कण असे बारीक की केसाच्या जाडीत ओळीने हजारो उभे राहतील. त्यांना नॅनो म्हणतात. मूठभर पावडर घेतली आणि तिच्या प्रत्येक कणाची पाठ-पोट उलगडून पसरली, तर आमच्या कारखान्याचं अंगण झाकून जाईल. एवढी सगळी जागा रेझिनला धरायला मिळते. म्हणूनच ती शंभरात तीन भाग घातली तरी पुरते. चीर आली की तिला रस्ताभर गर्दी लागते. इकडून वळ, तिकडून वळ, इथे अडक. दमून जाते बिचारी.

फक्त एक अट असते. कण सुटे सुटे पसरले पाहिजेत. ते एकमेकांना चिकटून गुठळी झाली, तर बाकीचा रस्ता रिकामा आणि गुठळी म्हणजे त्यात पडलेला खड्डा. मग पावडर न घातलेली बरी.

दुसऱ्या दिवशी तुटलेल्या पावलाचा तुकडा घेऊन मी थेट मॅडमच्या खोलीत गेलो. मॅडम आमच्या केमिस्ट. रेझिनमध्ये काय आणि किती, ते त्या ठरवतात. नवीन माहितीपत्रकावर 'नॅनो' हा शब्द हत्तीएवढा छापलाय, त्यामुळे मी मनात निकाल लावूनच गेलो होतो.

"पावडर वाढवलीत ना?"

"दार वाजवून यायचं असतं."

"पाच टक्के? सात? पत्रकावर लिहायला बरं पडतं म्हणून?"

"तीन," मॅडम म्हणाल्या. "पहिल्यापासून तीन. आणि तू ओरडायचा थांबलास तर मी तो तुकडा बघते."

त्यांनी तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. पडद्यावर चित्र आलं. तुटलेला भाग बहुतेक सगळीकडे खडबडीत होता, ओरबाडल्यासारखा. ते चांगलं, असं त्या म्हणाल्या, तिथे चिरेला झगडावं लागलंय. मग त्यांनी तुकडा जरा सरकवला आणि त्या पडद्याकडे झुकल्या. एका ठिकाणाहून सगळ्या रेघा फुटून बाहेर गेल्या होत्या, काचेवर दगड बसल्यावर जातात तशा. आणि मधोमध मिठाच्या कणाएवढं काहीतरी पांढरं.

"गुठळी," मी म्हणालो.

"गुठळी," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा उतरला. "पण माझ्या पट्ट्या पास झाल्यात. प्रत्येक लॉटच्या पट्ट्या मी स्वतः तोडून बघते."

"पट्टीतलं रेझिन कुठलं?"

"इथलंच. त्याच गोणीतली पावडर, तेच रेझिन. मी इथे कालवते, काचेच्या बंद पेटीत, पावडर उडू नये म्हणून."

"आणि पावलातलं?"

"मिक्सिंगमधलं. काका कालवतात."

"म्हणजे परीक्षेला बसला एक आणि पास केला दुसऱ्याला!"

मॅडमचे कान लाल झाले. पण त्या काही ऐकून घेणाऱ्यातल्या नाहीत. "आणि तू रोज त्याच पावलांच्या कडा घासतोस ना? तुला एकदा तरी दिसली का गुठळी?"

नव्हती दिसली. घासल्यावर सगळं काळ्या भुकटीने माखतं, त्यात काय दिसणार? पण हे म्हणायला तोंड उघडलं आणि ते वाक्य मलाच साहेबांच्या वाक्यासारखं वाटलं. तसाच निघालो.

मिक्सिंगची खोली मागच्या बाजूला आहे. छोटी, खिडकीला प्लॅस्टिक ठोकलेलं. मध्ये मोठं भांडं, त्यात वरून उतरणारा दांडा, दांड्याच्या टोकाला दातेरी चकती. तिथल्या काकांना सगळे घुसळणकाका म्हणतात. घरी गेलो की बायको म्हणते ताक करून द्या, असा त्यांचा जुना विनोद. नाकातोंडावर फडकं बांधलेलं, भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या. एका हातात पावडरचं टोपलं आणि दुसऱ्या हातात फवाऱ्याची बाटली. इस्त्रीवाल्याकडे असते ना, तसली.

फुस्स. फुस्स. पावडरवर पाणी.

मी दारातच थिजलो. "काका, हे काय?"

"पाणी."

"कशाला?"

"उडू नये म्हणून. ही काय पावडर आहे का रे? धूर आहे धूर. नुसतं बघितलं तरी उडते. दोन फवारे मारले की बघ कशी गप बसते, मास्तर आल्यासारखी."

"काका, हिला पाणी चालत नाही! मॅडम ती भट्टीत वाळवून का देतात तुम्हाला? पाणी लागलं की कण एकमेकांना असे चिकटतात की तुमची चकतीसुद्धा त्यांना सोडवू शकत नाही!"

"एवढंसं तर पाणी. नंतर भट्टीत जातंच की सगळं. उडून जातं."

"पाणी उडतं! गुठळी नाही उडत!" मी ओरडलो. "तुमच्या या फुस्स-फुस्समुळे ताई पडली. तिचा गुडघा जाता जाता राहिलाय!"

काकांनी बाटली खाली ठेवली. जपून ठेवली, जणू तीच फुटेल. फडकं खाली ओढलं. काहीतरी बोलायला गेले आणि खोकला आला. तो थांबेना. कमरेत वाकून, भांड्याला धरून खोकत राहिले. मी तसाच उभा. भांडायला आलेल्या माणसाने अशा वेळी काय करायचं असतं, कुणी शिकवलेलं नाही.

"माझ्या पाण्यामुळे?" शेवटी त्यांनी विचारलं.

"पंखा का नाही लावत?" मी विचारलं. भिंतीत मोठा पंखा आहे, धूळ बाहेर ओढणारा.

काकांनी बटणाकडे बोट दाखवलं. बटणावर चिकटपट्टी, आडवी-उभी. "साहेबांनी बंद केलाय. पंखा पावडर खातो म्हणे. गोणीतून निघताना वजन एक, भांड्यात पडताना वजन दुसरं. मधला माल पंख्याच्या पोटात."

साहेबांना आम्ही मागून तराजू म्हणतो. खिळे मोजत नाहीत, तोलतात. चहाची भुकटीसुद्धा तोलून देतात. पण माणसाच्या छातीतला माल कुठल्या काट्यावर तोलायचा, ते त्यांना कुणी सांगितलेलं नसावं.

"मला सांगायचं होतं ना, काका."

"तुला सांगून काय झालं असतं? तू ओरडला असतास." ते पुन्हा फडकं बांधायला लागले. "इथे अर्धा दिवस उभा राहा. मग मला पाणी शिकव."

मी पाच-दहा मिनिटं उभा राहिलो. घशाला पॉलिश पेपर लावल्यासारखं झालं.

माझा राग मॅडमकडे गेला होता, तिथून काकांकडे आला होता, आणि आता त्याला नेमकी वाट सापडली. साहेबांच्या केबिनमध्ये मी दार वाजवून गेलो. एवढं तरी शिकलो होतो.

सगळं सांगितलं. गुठळी, पाणी, पंखा. साहेबांनी शांतपणे ऐकलं. मला वाटलं, पटतंय. तर म्हणाले, "म्हणजे चूक काकांची. उद्यापासून येऊ नका म्हणून सांगतो."

"काकांची? पंखा कुणी बंद केला?"

"पाणी मारा असं मी सांगितलं होतं?"

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी. आणि ही फाशी मीच चालत येऊन, दोर हातात देऊन, लावून दिली होती.

"ते राहू दे," मी म्हणालो. "हा लॉट? अख्खा लॉट त्याच भांड्यातला आहे."

"प्रत्येक पावलात गुठळी असेलच असं नाही."

"नसेलच असंही नाही!"

"शुक्रवारी आपण ताईला एक निवडून देऊ. चांगलं."

"निवडणार कसं? बाहेरून सगळी काळीच!"

साहेबांनी टेबलावरचं एक पाऊल उचललं, कानाशी धरलं आणि बोटाच्या पेराने वाजवलं. टक टक. बाजारात मडकं घेताना वाजवतात तसं. "आवाज ऐक. पक्कं आहे."

देवाशपथ सांगतो, मी हसलो. रागाने हसू येतं हे मला त्या दिवशी कळलं.

घरी जाऊन ताईला सगळं सांगितलं. मला वाटलं ती म्हणेल, शाब्बास. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी वाक्य अर्धवट सोडलं.

"काकांची नोकरी घालवलीस?"

"मी कुठे? साहेबांनी!"

"काकांना आधी विचारलंस? मला विचारलंस? कारण सापडलं की ते घेऊन थेट वर! का? ओरडायला मिळतं म्हणून. माझा पाय म्हणजे तुझ्या भांडणातली काठी नाही, उचलली आणि हाणली."

"मी तुझ्यासाठीच—"

"माझ्यासाठी गप्प बसून दाखव एकदा. ते जमतं का बघू."

आई आतून म्हणाली, "ते त्याला जन्मल्यापासून जमलेलं नाही."

मी कोपऱ्यात जाऊन बसलो. बऱ्याच वेळाने ताईनेच विचारलं, हळू आवाजात, "ती गुठळी चालताना कळते का रे? टाचेत, कुठे काही?"

"नाही. तुटेपर्यंत चांगलंच वाटतं."

"म्हणजे जिना उतरले असते, पाऊल तुटलं नसतं, तर मी मान हलवली असती."

"हं."

"आणि ही सगळी पावलं लोकांना लागली असती. माझी मान बघून." ती आपल्या गुडघ्याकडे बघत होती. बर्फाची पिशवी कधीच वितळली होती. "पंखा कधीपासून बंद आहे?"

"याच लॉटपासून. यातलं एकही अजून बाहेर गेलेलं नाही. सगळी मांडणीवर आहेत."

"मग शुक्रवारी मी येणार," ती म्हणाली. "आणि तू तोंड उघडायचं नाहीस. एक शब्द नाही. घे शपथ."

घेतली. आईची घेतली. आई आतून म्हणाली, "माझीच का?"

शुक्रवारी खरेदीवाल्या बाई आल्या. उंच, केस पिकलेले, हातात काही नाही. जिन्याखाली साहेब, मॅडम, मी. ताई कुबडी घेऊन, भिंतीला धरून, आधीच वर जाऊन बसली होती. पायात तिचं रोजचं जुनं पाऊल. साहेबांनी वाजवून निवडलेलं नवीन पाऊल मांडीवर.

"आता आमच्या ताई उतरून दाखवतील," साहेब असे म्हणाले, जणू सर्कस त्यांचीच.

ताईने नवीन पाऊल उचललं आणि शेजारच्या पायरीवर ठेवून दिलं. "मी हे घालणार नाही."

साहेब हसत हसत बाईंकडे वळले. "मंगळवारी जरा घसरल्या. मनात थोडी भीती बसलीय, बाकी—"

"घसरले नाही. पाऊल तुटलं. हे त्याच लॉटचं आहे."

माझे दात एकमेकांवर असे घट्ट बसले होते की कानशिलं दुखत होती. बाईंनी साहेबांकडे पाहिलं, मग मॅडमकडे. "का तुटलं?"

मॅडम फरशीकडे बघत होत्या. आणि मागून खोकल्याचा आवाज आला.

काका. कपाटाची किल्ली परत द्यायला आले होते, हातात डबा आणि चपलांची पिशवी. दारात उभं राहूनच ते म्हणाले, "मी पावडरवर पाणी मारलं, बाई. गुठळ्या झाल्या. मला माहीत नव्हतं."

"पाणी का मारलं?"

"छातीत जात होती. पंखा बंद होता."

"पंखा कुणी बंद केला?"

काकांनी चपलांची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. ज्याने नोकरीवरून काढलं त्याचं नाव घ्यायलाही या माणसाला संकोच! मी शपथ मोडणार होतो. आईची माफी मागून मोडणार होतो. तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, "साहेबांनी. आणि तपासणीच्या पट्ट्या मी माझ्या काचेच्या पेटीतल्या रेझिनच्या काढल्या, या भांड्यातल्या नाही. त्यामुळे त्या पास झाल्या."

"हे आमच्या घरातलं आहे," साहेब घाईघाईने म्हणाले. "आपण आधी चहा घेऊ."

"चहा नको. ते पाऊल प्रेसमध्ये लावा."

प्रेस म्हणजे पावलावर वरून भार देणारं यंत्र. ठरलेल्या आकड्यापर्यंत पाऊल टिकलं पाहिजे. मॅडमनी साहेबांचं वाजवलेलं पाऊल लावलं. काटा चढत गेला. पाऊल वाकलं, वाकलं, आकड्याला पोचलं, पुढे गेलं. टिकलं!

साहेबांची छाती फुगली. "बघा! मी म्हणालो नव्हतो?"

मला रडूच यायचं बाकी होतं. खरंच पक्कं निघालं होतं ते. आणि त्या माणसाला आता जन्मभर वाटणार होतं की टक टक करून कळतं.

"दुसरं लावा," बाई म्हणाल्या. त्यांनी मांडणीपाशी जाऊन स्वतःच एक उचललं. न वाजवता.

ते अर्ध्या भारालाच गेलं. कडाक! साहेब दचकून मागे सरकले. मॅडमनी तुकडा उचलून प्रकाशात धरला आणि बाईंना दाखवला. बाईंनी चष्मा वर करून पाहिलं, तुकडा परत दिला, आणि ताईला एवढंच म्हणाल्या, "गुडघ्याला जपा." गेल्या. ऑर्डरही त्यांच्याबरोबर गेली.

मग साहेब म्हणाले, "लॉट बाजूला ठेवा."

हे वाक्य आम्हाला सगळ्यांना माहीत आहे. आमच्याकडे बाजूला ठेवलेलं काही बाजूला राहत नाही. बाजूला ठेवलेले स्क्रू पुढच्या महिन्यात वापरले जातात. बाजूला ठेवलेलं रेझिन दुसऱ्या डब्यात जातं. बाजूला ठेवलेली पावलं अशा कुणाकडे तरी जातील, जो प्रश्न विचारत नाही, आणि तिथून अशा कुणाच्या तरी पायाला, ज्याला प्रश्न विचारायची सोयच नाही.

मी ताईकडे पाहिलं. ती जिना उतरत होती, एका हाताने कठडा धरून, एकेक पायरी, बूड टेकवत. खाली येऊन उभी राहिली. "तुला राग आलाय ना रे?"

मी मान हलवली. शपथ अजून चालू होती.

"मग तो कामाला लाव. कटर कुठे आहे?"

मला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. मांडणी चाकांवरची आहे, तशीच ढकलत कटरपाशी आणली. ताई स्टुलावर बसली. पहिलं पाऊल तिने हातात दिलं, मी ते पात्याखाली धरलं. कर्रर्र. दोन तुकडे.

साहेब धावत आले. "काय चाललंय? माल माझा आहे! तुझ्या पगारातून कापीन!"

"कापा," ताई म्हणाली. "आज कापायचाच दिवस आहे."

"तुला वाटतं तुझ्यावाचून अडेल? दुसरी चालणारी मिळेल मला, उद्याच्या उद्या."

"शोधा. गुडघ्याखाली पाय नसलेली पाहिजे, आणि तुमच्यावर विश्वास असलेली. पहिली गोष्ट मिळेल." तिने दुसरं पाऊल मला दिलं. "काका परत भांड्यावर येईपर्यंत आणि तो पंखा सुरू होईपर्यंत मी तुमच्या कुठल्याही पावलावर उभी राहणार नाही. मान तर लांबच."

काका दारातून म्हणाले, "पोरी, माझ्यासाठी नको..."

"तुमच्यासाठी कोण करतंय? ज्या भांड्यात तुम्ही खोकत नसाल, त्यातलं पाऊल मला पाहिजे. माझ्या गुडघ्यासाठी करतेय."

साहेब मांडणीसमोर आडवे उभे राहिले. मॅडम आल्या. मला वाटलं, मला अडवणार. त्यांनी साहेबांच्या शेजारून हात घालून एक पाऊल काढलं आणि ताईच्या हातात दिलं. साहेबांनी तिघांकडे पाहिलं, चौथे काका दारात, आणि पाय आपटत केबिनमध्ये गेले. दार आपटलं. फोन लावल्याचा आवाज आला. कुणाला लावला, माहीत नाही. आमचं काय होणार तेही तेव्हा माहीत नव्हतं.

मी कापत राहिलो. काळी भुकटी तोंडावर, दातांत, पापण्यांवर. राग कमी होईल वाटलं होतं, होत नव्हता. प्रत्येक पावलाच्या कडा मीच घासल्या होत्या, हात फिरवून फिरवून, कुणाच्या पायाला टोचू नयेत म्हणून. काहींत कापलेल्या जागी पांढरा ठिपका दिसायचा, काहींत दोन. तसा दिसला की हाताला जोर यायचा.

मग एक असं निघालं की आत काहीच नव्हतं. काळंभोर, एकसारखं, काचेसारखं. गुठळी नाही, ठिपका नाही. त्याच्या पुढचंही तसंच निघालं.

मी कटर बंद केला. "ताई, ही दोन चांगली होती."

तिने तुकडा घेतला, कापलेल्या जागेवरून अंगठा फिरवला. एखादं चांगलं पाऊल पहिल्यांदा घातल्यावर जिना उतरताना तिचा चेहरा होतो तसा क्षणभर झाला.

"हो," ती म्हणाली. "फार चांगली होती."

आणि पुढचं पाऊल तिने माझ्या हातात दिलं.